तीच नको म्हणाली

अण्णा,

मला तुमचा राग येतो. अजून येतो. तुम्ही जाऊन दहा-अकरा वर्षं झाली. आई दर पौर्णिमेला तुमच्या फोटोला हार घालते, पाहुणे आले की तुमच्या सरळपणाच्या गोष्टी निघतात, आणि मी चहाचे कप उचलून आत निघून जाते. हे तुमच्यासमोर बोलले असते तर तुम्ही चष्मा काढून पुसला असतात आणि म्हणाला असतात, आधी कारण सांग. तर कारण भोरच्या सरकारी दवाखान्यातलं आहे. मी लोखंडी खाटेवर पडले होते, हाताला सलाइन लावलेलं होतं, डोळे मिटलेले होते पण ऐकू सगळं येत होतं. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला विचारलं, "एवढ्या उन्हात पोरीला पाणी नाही दिलंत?" आणि तुम्ही म्हणालात, "विचारलं होतं. तीच नको म्हणाली."

वाक्य शब्दाशब्दाला खरं होतं. तुमची सगळीच वाक्यं तशी असायची, म्हणून तर लोक तुम्हाला मानायचे. तुम्ही विचारलं होतंत, मी नको म्हणाले होते. तुम्ही कसं विचारलंत, आणि मला दुसरं काही उत्तर देता येणार होतं का, हे त्या बाईंनी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची तुम्हाला सवय नव्हती.

मला शिकवलं तुम्हीच. वस्तीतल्या शाळेत पोरांना नुसतं कोंडून ठेवतात असं तुमचं मत होतं, म्हणून सात वर्षांची होईपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. येरवड्याच्या आपल्या दोन खोल्यांतलं स्वयंपाकघर हीच माझी शाळा. टेलिफोन खात्यातली ड्यूटी संपवून तुम्ही येता, हातपाय धुता, ओट्याला पाठ लावून बसता. आई भाकऱ्या थापते आहे, मी वही उघडून तयार आहे, आणि तुम्ही एकेक वाक्य सांगता आहात, तारेतल्यासारखं, एकही शब्द जास्तीचा नाही. मला ते आवडायचं. तुमच्याकडून बरोबरची खूण मिळवणं याच्याइतकं मला दुसरं काही आवडत नव्हतं, आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं. एकदा माझं खोडरबर हरवलं. मी शेजारच्या मुलीकडून मागून आणलं आणि चुकलेला शब्द इतका स्वच्छ खोडला की कागदावर खूणसुद्धा राहिली नाही. तुम्ही वही पाहून मान डोलावलीत, मग विचारलंत, रबर कुठून आलं. मी सांगितलं. तुम्ही ते पान फाडलंत. "मागून आणलेल्या रबरानं खोडलेलं मला नको. चूक दिसू दे." मी तसंच जाऊन रबर परत देऊन आले. त्या मुलीला वाटलं मी तिच्याशी भांडले, आणि तिनं माझ्याशी खेळणं बंद केलं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण सांगणं म्हणजे तक्रार, आणि तक्रार म्हणजे पुन्हा काहीतरी मागणंच.

सुट्टीत कधी कधी तुम्ही मला कॅरियरवर बसवून ड्यूटीवर न्यायचात. तेव्हा ज्या घरांत फोन होता तिथे लाइनमनची वाट जावयासारखी पाहायचे. बुधवार पेठेतल्या एका घरी तुम्ही बराच वेळ खपून फोन चालू करून दिलात. त्या घरच्या बाई ताटलीत दोन पेले पाणी घेऊन आल्या. "अहो, पाणी तरी घ्या, पोर बघा कशी लाल झालीय." तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, आमचं आम्ही घेऊन फिरतो. मग जिन्याच्या पायरीवर बसवून मला आपल्या बाटलीतलं कोमट पाणी पाजलंत. त्या बाई मनापासून देत होत्या, की पेले मागाहून वेगळे ठेवणार होत्या, मला आजही माहीत नाही. ते कळण्याची वेळच तुम्ही येऊ देत नव्हतात. कुणाच्या दारात पाणी मागायचं नाही, दिलं तरी घ्यायचं नाही, लागलंच तर विकत घ्यायचं. नाक्यावरच्या दुकानात सीलबंद पाण्याच्या बाटल्या यायला लागल्या तेव्हा अख्ख्या वस्तीनं नाकं मुरडली, पाण्याचे कसले पैसे म्हणून. तुम्ही एकटे खूश होतात. पैसे टाकले की कोणी वरून ओतत नाही, म्हणायचात. देश खुला झाला म्हणजे काय झालं, यावर पेपरात रोज लेख यायचे. तुमच्यापुरतं एवढंच झालं होतं.

दर मे महिन्यात तुम्ही आणि काका सायकलवर महाडला जायचात. काका म्हणजे तुमच्याच खात्यातले, आपल्याच वस्तीतले, पोट सुटलेले आणि तोंडानं मोकळे. जिथे आपल्या लोकांनी सार्वजनिक पाणी पहिल्यांदा ओंजळीत घेतलं ते चवदार तळं बघायला तुम्ही जायचात. बाकीचे मार्चमध्ये, सत्याग्रहाच्या दिवशी, बस करून जात. तुम्हाला गर्दी नको असायची, आणि बसनं जाण्यात काय विशेष, असंही वाटायचं. मी अकरा वर्षांची झाले तेव्हा तुम्ही जुन्या बाजारातून माझ्यासाठी लाल लेडीज सायकल आणलीत, रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून चेन साफ केलीत आणि म्हणालात, या वर्षी तू पण चल. मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल अर्धंच सांगितलं.

पहिल्या दिवशी भोर गाठलं, काकांच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघायचं ठरलं होतं, पण काकांची सायकल पंक्चर निघाली आणि गाव सोडेपर्यंत ऊन अंगावर आलं. पुढे धरणाचं काम चाललेलं आहे, खडीचे ट्रक धूळ उडवत जातात, रस्ता निम्मा उखडलेला. झाडं आहेत, पण पानं नाहीत. हँडलची लोखंडी दांडी इतकी तापली आहे की मी ओढणीचं टोक गुंडाळून ती धरते आहे. आपलं पाणी तुमच्या कॅरियरला बांधलेल्या पांढऱ्या कॅनमध्ये. एका खड्ड्यात तुमची सायकल उडाली, सुतळी सुटली, कॅन दगडावर आपटून फुटला. आपण उतरून धावलो तोवर धुळीत नुसता ओला डाग राहिला होता. तळाशी उरलेले दोन घोट तुम्ही मलाच दिलेत. मी ते विसरलेली नाही. पण त्याच्या पुढचं मला जास्त आठवतं.

थोडं पुढे रस्त्याला लागून एक घर होतं. अंगणात मांडव, मांडवाखाली ओलं फडकं गुंडाळलेले दोन माठ, आणि उंबऱ्यात एक बाई करवंदं निवडत बसलेल्या. काकांनी सायकल कुडाला टेकवली आणि पाणी मिळेल का म्हणून विचारलं. त्या लगेच उठल्या. तुम्ही सायकलवरून उतरलाच नाहीत. एक पाय जमिनीवर, नजर समोर. वर घाटात देवळापाशी टपरी आहे, तिथे बाटली घेऊ, असं तुम्ही म्हणालात. काकांनी डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसले.

"अरे, तळ्याचं पाणी बघायला निघालायस आणि पोरीला माठातलं देईनास?"

"तळं मागून नाही मिळालं," तुम्ही म्हणालात.

वाक्य चांगलं आहे. एखाद्या सभेत ऐकलं असतं तर मीही टाळी वाजवली असती. त्या वेळी माझी जीभ टाळूला चिकटलेली होती. काका प्याले, मग तांब्या भरून घेऊन माझ्याकडे आले. तांब्याच्या बाहेरून पाणी ओघळत होतं, त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत. तेव्हा कुठे तुम्ही मान वळवलीत आणि मला विचारलंत, "तुला पाहिजे?" आवाज चढवला नाहीत, डोळे वटारले नाहीत. शुद्धलेखन लिहिताना मी चुकीचं अक्षर काढायला लागले की तुम्ही "नक्की?" असं विचारायचात, तोच आवाज. आणि बरोबर उत्तर देण्याखेरीज जिला जगात काहीच येत नव्हतं ती मी म्हणाले, "नको."

त्या बाई म्हणाल्या, पिऊ द्या की लेकराला. तुम्ही पेडल मारलंत. काकांनी तो तांब्या रागानं स्वतःच्या डोक्यावर ओतला आणि रिकामा करून बाईंना परत दिला. ते पाणी त्यांच्या शर्टात मुरताना मी पाहत होते. मग मीही निघाले.

घाट सुरू झाल्यावर काही वेळानं मला घाम यायचा थांबला. मला बरं वाटलं, म्हटलं झाली सवय. मग रस्ता पांढरा दिसायला लागला, तुमची पाठ जवळ यायची आणि लांब जायची. पुढचं मला काकांकडून कळलं. मी सायकलसकट आडवी झाले, कोरडे उमासे देत राहिले, आणि हाक मारली तर नुसते डोळे फिरवत होते. घाटातून खाली येणारा एक ट्रक काकांनी रस्त्यात उभं राहून थांबवला. ड्रायव्हरनं आपल्या कॅनमधलं होतं नव्हतं ते पाणी माझ्या डोक्यावर, अंगावर ओतलं, ओठांत थेंब थेंब सोडलं. आपण कोण हे त्यानं विचारलं नाही, आणि तो कोण हे तुम्हीही विचारलं नाहीत. म्हणजे तुमचा नियम मोडता येत होता. त्यासाठी फक्त मला मरायला टेकावं लागलं.

ट्रकमध्ये तुम्ही मला भोरपर्यंत मांडीवर धरून बसला होतात, तुमचे ओठ फुटून रक्त आलं होतं, स्वतः एक घोट घेतला नव्हता, असं काका नंतर सांगायचे. जणू तेवढ्यानं फिटलं. तुम्हीही तहानलेले होतात हे मला मान्य आहे. पण तुमची तहान तुम्ही ठरवून घेतलेली होती. माझी तुम्हीच ठरवलीत, आणि डॉक्टरीणबाईंसमोर ती माझ्या नावावर लिहून मोकळे झालात. मी डोळे उघडले असते तर तुमचा चेहरा तरी दिसला असता. उघडले नाहीत, कारण मला वाटलं, तुम्ही अजून एखादं वाक्य बोलाल. खुर्ची सरकवल्याचा आवाज तेवढा आला.

महाड आलंच नाही. एसटीच्या टपावर सायकली टाकून आपण पुण्याला परत आलो. आईला तुम्ही सांगितलंत, पोरीला ऊन लागलं. हेही खरंच. काका त्यानंतर तुमच्याबरोबर कधी सायकलवर गेले नाहीत, चहाला येत राहिले पण दारातूनच टोमणे मारायचे, "काय, आज पाणी विकत घ्यायचं का?" तुम्ही हसत नव्हतात. पुढच्या मेमध्ये एकटे निघालात, निघताना मला विचारलंत, येतेस का. मी नको म्हणाले, आणि तो नको माझा स्वतःचा होता. त्यानंतरच्या थंडीत तुम्ही झोपेतच गेलात. त्या दिवसाबद्दल आपण दोघं एक अक्षर बोललो नाही.

तुमच्यानंतर आईनं मला करवंटीची गोष्ट सांगितली. तुम्ही लहान असताना कुठलासा निरोप घेऊन उन्हातान्हाचे गावातल्या एका मोठ्या घरी गेला होतात आणि पाणी मागितलंत. त्या घरच्या बाईंनी पाणी नाही, ताक दिलं, मीठ घालून, मायेनं. फक्त ते बाहेरच्या कोनाड्यात आपल्या लोकांसाठी ठेवलेल्या करवंटीत दिलं. तुम्ही प्यालात. मग त्या म्हणाल्या, धुऊन ठेव बाळा जागच्या जागी, आणि तुम्ही ती धुऊन ठेवलीत. करवंटीत दिलं याचं तुझ्या अण्णांना एवढं नव्हतं, आई म्हणाली. ताक गोड लागलं आणि करवंटी आपण इतकी मन लावून धुतली, हे त्यांना जन्मभर सलत होतं. मी ऐकून घेतलं. मला ते समजलं. समजलं की राग जातो म्हणतात, माझा गेला नाही. उलट आता तो धड करताही येत नाही, म्हणून जास्त येतो. त्या बाईंशी तुमचं भांडण होतं, तर ते त्यांच्या दारात जाऊन करायचं. माझ्या घशाशी का आणलंत?

आता मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काचेची इमारत, प्रत्येक मजल्यावर थंड पाण्याचं मशीन, कोणीही यावं आणि बटण दाबावं. तुम्हाला आवडलं असतं. माझं काम अडलं तर मी शेजारच्याला विचारत नाही, डोकं धरून दोन दोन दिवस बसून राहते, आणि सुटलं नाही तर रात्री घरी त्याच विचारात जेवते. साधी मेल पाठवायची तर चार वेळा वाचते. सुट्टीचा अर्ज लिहिला तरी पाठवायचा राहतो. मागच्या वर्षी मॅनेजरनं मला समोर बसवून सांगितलं, "यू नेव्हर आस्क, यार. ऐसे कैसे चलेगा?" मी सॉरी म्हणाले. त्याला काय सांगणार होते, की माझे वडील फार तत्त्वाचे होते?

ऑफिसातली काही मुलं-मुली अलीकडे रविवारी सायकली काढतात. गिअरच्या सायकली, हेल्मेटं, घट्ट पँटी, आणि स्टेटसला फोटो. मी पण जाते. मागच्या रविवारी त्यांनी सोलापूर रस्त्यानं लांबचा पल्ला ठरवला, पहाटे निघून दुपारी परत. उन्हाचा अंदाज सगळ्यांचाच चुकला. परतताना मी मागे पडले, दोन्ही बाटल्या संपल्या, बाकीचे पुढे निघून गेले आणि मी कोणाला फोन केला नाही. मांजरी गाव जवळ आलं होतं. रस्त्यावर दुकानं होती, अण्णा, फ्रीजमधल्या बाटल्या बाहेरून दिसत होत्या, आणि पाठीवरच्या पिशवीत पाकीट होतं. मी मुद्दाम आत उसाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला वळले. मला विकतचं नको होतं. मला एकदा मागायचं होतं, आणि ते तुम्हाला दाखवायचं होतं.

पत्र्याचं घर, दारात एक म्हातारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेली. मी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, आजी, प्यायला पाणी मिळेल का. परीक्षेत तोंडी द्यायला उभी राहिल्यासारखी उभी होते.

"मिळंल की. उन्हात का हुबी? सावलीला ये आदी."

त्यांनी तांब्या दिला, वर गुळाचा खडा दिला, उन्हातनं आल्यावर नुसतं पाणी पिऊ नये म्हणाल्या. कुठून आलीस, एवढ्या लांब सायकलीवर कशाला, गाडी नाही का घरी, लग्न का नाही केलं अजून, सगळं विचारून झालं. मी उत्तरं देत होते, त्या हसत होत्या, मीही हसत होते. तुम्ही उगाच घाबरलात आयुष्यभर, असं मनात म्हणतही होते. आणि त्याच दमात, जुडीला गाठ मारता मारता, त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनायचं बाळ तुजं?"

तांब्या ओठांपाशी होता. आपलं आडनाव ऐकल्यावर कोणाला पुढचं काही विचारावं लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांनी सहज विचारलं असेल, तिकडे सगळेच विचारतात. खरं सांगितलं असतं तर त्या बरं म्हणून पुढची जुडी बांधायला लागल्या असत्या, असंही असेल. मी थांबले नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं आडनाव माझ्या तोंडून बाहेर पडलं, जराही न अडखळता. बरं बरं, म्हणाल्या आजी, आणि आणखी पाणी आणायला आत गेल्या.

तुम्ही त्या दारात गेलाच नसतात. पण रस्त्यात कोणी आडनाव विचारलं असतं तर खणखणीत सांगितलं असतंत, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिला असतात. वर लिहिलेला राग खरा आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही, तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, सकाळी फाडून टाकीन. मी आडनाव खोटं सांगितलं, अण्णा. सांगायचं होतं ते एवढंच, आणि ते सांगावं लागू नये म्हणून बाकीचं इतकं लिहीत बसले. पाणी मी प्याले. सगळं.